हॉटेलातला स्टाफ टिकत का नाही? खरं खरं सांगा

घाटमाथा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

घाटावरच्या एका ७४ खोल्यांच्या रिसॉर्टमध्ये मी एचआर बघते. एचआर म्हणजे मी आणि टाइम ऑफिसचा (हजेरी बघणारा) एक मुलगा, संपलं डिपार्टमेंट. मागच्या एप्रिल ते मार्चचा हिशोब मालकांनी मागितला म्हणून बसून काढला. पटावर सरासरी ९६ माणसं आणि वर्षभरात सोडून गेले ६१. साडेत्रेसष्ट टक्के. त्यातले २७ तर पहिल्या तीन महिन्यांतच गेले, काहींचा युनिफॉर्म शिंप्याकडून यायच्या आधी. आकडा बघून मालक म्हणाले, "मॅडम, आजकालच्या पोरांत कमिटमेंटच नाही. काहीतरी ॲक्टिव्हिटी घ्या."

तर ॲक्टिव्हिटी सगळ्या चालू आहेत. दर महिन्याच्या वाढदिवसांचा एकच सामायिक केक, एम्प्लॉयी ऑफ द मंथचा फोटो, सजेशन बॉक्स. (बॉक्स मागच्या वेळी उघडला तेव्हा बडीशेपेच्या दोन रिकाम्या पुड्या आणि एक चिठ्ठी निघाली. चिठ्ठीत एकच शब्द, 'डाळ'.) सोडून जाणाऱ्यांसाठी दोन पानी एक्झिट फॉर्म आहे. ६१ पैकी ४४ जणांनी कारणाच्या रकान्यात लिहिलंय 'घरगुती अडचण'. एका वर्षात ४४ घरांत अडचण आली असेल तर मग वास्तुशांतच घालायला हवी.

म्हणून इथे विचारतेय. ज्यांनी हॉटेलात काम केलंय त्यांनी सांगा का सोडलंत, आणि जे टिकलात ते कशाच्या जोरावर. 'पगार' हे उत्तर मला माहितीये, तो माझ्या हातात नाही. त्याच्या पुढचं सांगा.

चहाटळ

त्या डाळवाल्याला शोधून काढा आणि एचआर हेड करा. ६१ पानी रिपोर्ट त्याने एका शब्दात दिलाय.

तिसरी_घंटा

दादरच्या आयएचएममधून (हॉटेल मॅनेजमेंटचं सरकारी कॉलेज) पास आऊट, मग मुंबईत दोन मोठ्या हॉटेलांत मिळून सहा वर्षं एफ अँड बी सर्व्हिस, म्हणजे खाणंपिणं वाढण्याचं खातं. आता इन्शुरन्समध्ये आहे आणि रविवारी घरी असतो. हे शेवटचं वाक्य हेच माझं उत्तर.

तरी सविस्तर लिहितो. सगळ्यात जास्त छळलं ते ब्रेक शिफ्टने. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सकाळी ११ ते ३ लंच आणि संध्याकाळी ७ ते ११ डिनर, कागदावर आठच तास. मधले चार तास तुमचे. आता मी राहायचो डोंबिवलीला, हॉटेल साउथ बाँबेत, तीनला सुटून घरी जाऊन सातला परत येणं शक्य तरी आहे का. मग आम्ही काय करायचो तर बँक्वेट हॉल रिकामा असेल तर तिथे मागे टेबलांवर घालायची फ्रिलची कापडं असतात ना त्यांच्या ढिगाऱ्यावर झोपायचो, एसी बंद असायचा, दरवाजा लोटून घ्यायचा कारण सिक्युरिटीने बघितलं तर मेमो. आठ तासांच्या पगारात माझ्या दिवसातले पंधरा तास जायचे. बरं मी राजीनाम्यात काय लिहिलं असेल? 'पर्सनल रीझन्स'. कारण पुढच्या हॉटेलचा एचआर फोन करून विचारणार, माणूस कसा होता. खरं लिहून स्वतःच्या पायावर धोंडा कोण मारून घेईल?

ताई, तुमचे ४४ जण खोटं बोलले नाहीयेत हो. रोज रात्री एक वाजता घरी पोचणं ही घरगुती अडचणच आहे.

नीलाक्षी

+१ तिसरी_घंटा. शेवटची ओळ तर अगदीच.

थिअरी_मास्तर

मी मॅनेजमेंट कॉलेजात एचआर शिकवतो, तेव्हा चार ओळी पुस्तकी. मेयर आणि ॲलन या दोघांनी १९९१ च्या सुमारास बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले आणि आजही सगळे पेपर त्यावरच निघतात. मी वर्गात त्यांची मराठी नावं वापरतो. एक, जीव लागणं. दोन, अडकून पडणं, म्हणजे सोडलं तर नुकसान होईल म्हणून थांबलेला माणूस. तीन, खाल्ल्या मिठाला जागणं. तिन्ही प्रकारचे लोक हजेरीपटावर सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला बाहेर थोडी बरी संधी दिसली की तो उठतो. तुमच्या मालकांना 'कमिटमेंट' म्हणजे यातलं नक्की कुठलं हवंय ते एकदा विचारा.

चहाटळ

मालकांना चौथं हवंय. 'पगार न वाढवता थांबणं'.

दर्यावर्दी

मी नंबर दोनवाला होतो आणि बाहेर पडलो. सावंतवाडीचा, हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा, मग गोव्यात कांदोळीच्या पट्ट्यात तीन सीझन. आता क्रूझवर आहे, आत्ता हे लिहितोय ते भूमध्य समुद्रातून. नेट महाग आहे म्हणून एकदाच लांबलचक लिहितो.

गोव्यात काम ऑक्टोबर ते मार्च मरणाचं. पावसाळा लागला की मॅनेजर बोलावून सांगणार, 'गावी जाऊन ये, सप्टेंबरात फोन करतो'. ही पगारी रजा नव्हे, नुसतं जाऊन ये. आणि सप्टेंबरात फोन करायच्या वेळेला तुमच्या जागी ओडिशाचा किंवा नेपाळचा मुलगा दोन हजार कमीवर उभा. त्याची काय चूक, त्यालाही घर आहे. पण त्याच्या पुढच्या वर्षी त्याच्याशीही तेच होणार हे त्याला माहीत नसतं.

क्रूझवर काम सोपं आहे असं कोणी समजू नका. दहा-अकरा तास रोज आणि कॉन्ट्रॅक्ट असेपर्यंत पूर्ण सुटीचा दिवस नाही. पण सात महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे सात महिने, साइन ऑफची म्हणजे जहाजावरून उतरायची तारीख जवळपास ठरलेली असते. मी घरच्यांना सांगू शकतो की यंदाच्या गणपतीत आहे किंवा नाही. जमिनीवरच्या हॉटेलात मला उद्याची शिफ्ट आज रात्री दहाला कळायची, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो यायचा रोस्टरचा. माझ्या काकाच्या मुलीचं लग्न होतं, कुडाळला, दीड महिना आधी रजा टाकली होती, आदल्या रात्री फोटोत माझ्या नावापुढे 'एम' म्हणजे मॉर्निंग. मी गेलो लग्नाला. परत आलो ते लॉकर रिकामा करायलाच.

आमच्या बाजूच्या मुलांना तुम्ही ३१ डिसेंबरला राबवा, दिवाळीला राबवा, कोणी हूं की चूं करणार नाही. पण गणपतीला अडवलंत तर राजीनामा लिहिलेला खिशात असतो.

खानावळ_१९७१

गणपतीबद्दल शंभर टक्के. आमची गिरगावात खानावळ होती, वडिलांनी १९७१ ला सुरू केली, मी २०१२ ला बंद केली. गणपतीचे पहिले पाच दिवस आम्ही सरळ कुलूप लावायचो. वडील म्हणायचे की उघडी ठेवून तरी वाढणार कोण?

पण आता मालकाची बाजू कुणीतरी मांडायला पाहिजे म्हणून लिहितो. पोरगं गावाहून येतं, त्याला पाण्याचा ग्लास कसा धरायचा इथपासून शिकवायचं, सहा महिन्यांत जरा तरबेज झालं की समोरचा पाचशे रुपये जास्त देऊन उचलतो. शिकवायचा खर्च माझा, फायदा त्याचा. आमच्याकडे पूर्वीची माणसं वीस वीस वर्षं होती. रात्री टेबलं जोडून तिथेच झोपायची, जेवण घरच्यासारखं, कुणाच्या बहिणीचं लग्न निघालं तर वडील उचल द्यायचे आणि नंतर निम्मी विसरून जायचे. शेजारच्या उडप्याकडची पोरं संध्याकाळी कन्नड रात्रशाळेत जायची, मालक त्यांना त्या वेळेपुरता मोकळं सोडायचा. त्यातले काही पुढे बँकेत लागले. हे कुठल्या एचआरने शिकवलं नव्हतं. मिठाला जागणं म्हणतात ते हेच.

नीलाक्षी

काका, राग मानू नका, पण टेबलं जोडून झोपणारा माणूस वीस वर्षं राहिला कारण मुंबईत त्याला दुसरं छप्पर नव्हतं. मास्तरांच्या भाषेत तो नंबर दोन, आपण त्याला नंबर तीन समजतो कारण ते ऐकायला बरं वाटतं. आणि त्या काळी अशा ठिकाणी दहा-बारा वर्षांची पोरंही फडका मारायची, त्यांना कोण विचारत होतं. १४ वर्षांखालच्यांना हॉटेल-ढाब्यात ठेवायला बंदी आली ती २००६ च्या ऑक्टोबरात.

खानावळ_१९७१

रागावलो नाही. आमच्याकडेही होता एक, बारा वर्षांचा. बोललीस त्यात खोटं काही नाही. उचलीचं मात्र खरं होतं बरं का, त्यासाठी माणसं अजून फोन करतात मला.

अवांतरप्रेमी

थोडं अवांतर. हॉटेलवाले बिलात सर्व्हिस चार्ज लावतात तो स्टाफला खरंच मिळतो का? मी दर वेळी भांडून काढायला लावतो.

तिसरी_घंटा

अवांतर नाही हो, मुद्द्याचं आहे. काही हॉटेलांत मिळतो, पॉइंट सिस्टिम असते, कॅप्टनला म्हणजे वेटरांच्या वरच्याला जास्त पॉइंट, स्टुअर्डला म्हणजे वेटरला कमी, किचन आणि भांडी धुणाऱ्यांनाही वाटा असतो. माझ्या पहिल्या हॉटेलात चांगल्या महिन्याला बेसिकच्या निम्म्याएवढी रक्कम यायची त्यातून, घराचं भाडं त्यावर निघायचं. दुसऱ्या हॉटेलात चार्ज बिलावर होता, आमच्यापर्यंत कधी पोचला नाही. मग २०२२ च्या जुलैत ग्राहक प्राधिकरणाने सांगितलं की आपोआप लावायचा नाही, हॉटेलवाले दिल्ली हायकोर्टात गेले, स्थगिती मिळाली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये कोर्टाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. ग्राहक म्हणून तुमचा हक्क आहे, काढा की. पण भांडण त्या बिल आणून देणाऱ्या पोराशी करू नका, त्याने नाही लावलेला.

अवांतरप्रेमी

नोंद घेतली. पुढच्या वेळी टिप हातात देईन.

चहाटळ

धागा भरकटून त्याचं काश्मीर व्हायच्या आत कुणीतरी डाळीकडे परत या.

नीलाक्षी

येते डाळीकडेच.

मी हाउसकीपिंगमध्ये सुपरवायझर आहे, पुण्यात, अकरावं वर्षं. टिकलेल्यांपैकी. आधी का जातात ते सांगते. आमच्याकडे एका रूम अटेंडंटला १६ खोल्या. एका चेकआऊट खोलीला अर्धा तास धरतात, म्हणजे १६ गुणिले अर्धा, आठ तास झाले. ट्रॉली भरायची कधी, जेवायचं कधी, लिफ्टची वाट बघायची कधी, आणि जोडप्याने बाथटबमध्ये गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या असतील तर त्या जाळीतून एकेक काढायच्या कधी? आता यातली एक बाई सोडून गेली की तिच्या १६ उरलेल्यांत वाटतात. १६ च्या १८ होतात, वीस होतात. मग पंधरा दिवसांनी दुसरी जाते. घाटमाथा ताई, तुमच्या ६१ मधले किती जण आधी गेलेल्यांमुळे गेले ते बघा. तारखा लावून बघा, डिपार्टमेंटवार. आमच्याकडे मी लावून बघितलं होतं, तीन-तीन चार-चारच्या घोळक्याने गेलेले निघाले.

आणि डाळ. स्टाफ कॅफेटेरियात काल रात्रीच्या बुफेचं उरलेलं येतं असा सगळ्यांचा समज असतो. खरं म्हणजे बऱ्याच ठिकाणी तेही येत नाही, वेगळं शिजतं, आणि त्याचं बजेट माणशी इतकं कमी की डाळीत पाणी घालण्यावाचून शेफला गत्यंतर नसतं. सेकंड शिफ्टवाली बाई चारला जेवायला जाते तेव्हा तळाशी हळदीचं पाणी उरलेलं असतं. दिवसभर पाहुण्यांची चार प्रकारची चीज उरलेली ताटं उचलायची आणि आपण ते पाणी प्यायचं. अपमान पगारापेक्षा जास्त जेवणात कळतो, निदान आमच्या बायकांना तरी.

मी का टिकले? माझी पहिली एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर, म्हणजे आमच्या खात्याची प्रमुख. ती महिन्यातून एकदा आमच्याच वेळेला, चार वाजता, आमच्याच रांगेत ताट घेऊन उभी राहायची. बोलायची काही नाही. त्या काळात डाळ घट्ट होती.

घाटमाथा

नीलाक्षीताई, तारखा लावून बघते. हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि खरं सांगू, मी स्वतः डबा नेते.

चहाटळ

:-) :-) मॅडमनी पहिली कबुली दिली.

कलम_बहाद्दर

लेबर कन्सल्टंट आहे, थोडं कायद्याचं. सगळे कमिटमेंटबद्दल बोलतायत म्हणून विचारतो, ताई, तुमच्याकडे माणसं परमनंट आहेत की अकरा महिन्यांची?

घाटमाथा

साठेक परमनंट, बाकी अकरा महिने, मग थोडा ब्रेक, मग परत.

कलम_बहाद्दर

वाटलंच. हे ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) टाळायला करतात. पाच वर्षं सलग भरली तर ग्रॅच्युइटी, दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. बेसिक १३,००० धरा तर वर्षाला ७,५००, पाच वर्षांचे साडेसदतीस हजार. एवढे वाचवायला मालक दर वर्षी माणूस तोडतो आणि नवीन माणूस शोधण्यात, शिकवण्यात आणि त्याने फोडलेल्या क्रोकरीत त्याहून जास्त घालवतो. पण क्रोकरीचा खर्च वेगळ्या खात्यात पडतो ना, तो दिसत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत. त्यात ठरावीक मुदतीच्या माणसाला एका वर्षानंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे, आणि राजीनामा दिलेल्याचा पगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत करायचा आहे. 'फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी बघू' हा खेळ संपायला हवा. बेसिक कमी आणि भत्ते जास्त ही युक्तीही आता भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले की अडते.

अजून एक बारीक गोष्ट. ईएसआय म्हणजे कामगार विमा, त्यातून घरच्यांचेही उपचार होतात, त्याची पगाराची मर्यादा महिना २१,००० आहे. माझ्या एका क्लायंटकडच्या कॅप्टनला २०,७०० वरून २१,५०० केलं, पेढे वाटले. सप्टेंबर संपला तशी वर्गणीची सहामाही संपली, वर्गणी बंद झाली आणि पुढे त्याचं ईएसआय गेलं. त्याच्या आईचं डायलिसिस त्यावर चालू होतं. आठशे रुपयांची बढती त्याला केवढ्याला पडली बघा. वाढ देण्याआधी एचआरने एवढं बघितलं असतं तरी आकडा पुढेमागे करता आला असता. तो दुसरीकडे कमी पगारावर गेला, एक्झिट फॉर्मवर काय लिहिलं असेल ओळखा.

चहाटळ

घरगुती अडचण.

चहाटळ

(यावेळी विनोद नाही केला.)

बंड्या_तिसरा

अकरा महिन्यांचा करार करून कमिटमेंट मागणं म्हणजे लिव्ह लायसन्सच्या भाडेकरूला 'जरा स्वखर्चाने टाइल्स बदलून घे' म्हणणं.

थिअरी_मास्तर

हे वाक्य उद्या वर्गात वापरणार, श्रेय देईन.

पेणकर_काका

सगळे रडगाणं गातायत म्हणून उलटं उदाहरण. २६/११ ला ताजच्या स्टाफने काय केलं आठवा. बाहेर पडायचे रस्ते माहीत असून पाहुण्यांना आधी काढलं, त्यात स्वतःचे जीव गेले. हार्वर्डवाल्यांनी पुढे त्यावर अभ्यास केला, तेव्हा पुढे आलं ते भरतीचं तंत्र. मोठ्या शहरांपेक्षा लहान गावांतून मुलं घ्यायची, मार्कांपेक्षा स्वभाव बघायचा, बाकीच्यांकडे वर्षभराचं ट्रेनिंग तर यांचं दीड वर्षाचं. कमिटमेंट असते हो, निवडतानाच बघावी लागते.

तिसरी_घंटा

काका, त्या लोकांना सलामच, त्यावर वाद नाही. पण हे उदाहरण मी किमान पाच ट्रेनिंगमध्ये ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी ऐकवणारा माणूस ट्रेनिंग झाल्यावर आम्हाला डबल शिफ्टला पाठवायचा. त्याच अभ्यासात हेही आहे की पाहुण्याशी बोलताना निर्णय तुझा, मॅनेजर तुझ्या पाठीशी आहे असं पोरांना शिकवलं जायचं, आणि केलेल्या कामाची दखल लगेच घ्यायची पद्धत २००१ पासून होती. तो भाग कुणी ऐकवत नाही. आमच्याकडे पाहुण्याला फुकट लिंबू सरबत दिलं तर तीन सह्या लागायच्या.

नीलाक्षी

अजून एक राहिलं, बायकांचं. रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर बाईची संमती आणि घरापर्यंत गाडी, असा महाराष्ट्राचा दुकाने-आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे. आमच्याकडे गाडी आहे, पण ती सगळे जमेपर्यंत सुटत नाही, आणि 'घरापर्यंत' म्हणजे वस्तीच्या तोंडापर्यंत. एक मुलगी, कामाला अगदी सोन्यासारखी, लग्न ठरल्यावर गेली. सगळे म्हणाले लग्नामुळे गेली. सासरच्यांनी फक्त विचारलं होतं की गाडी नक्की कुठे सोडते.

उंबरठा

वाचतेय. वाचनखूण साठवली. नवरा शेफ आहे, त्यालाही पाठवला धागा, तो म्हणाला 'रात्री वाचतो'. ही गोष्ट मंगळवारची. अजून ती रात्र झालेली नाही.

किचनचा_किडा

पहिल्या तीन महिन्यांत २७ गेले त्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी किचनमध्ये कॉमी (शेफच्या हाताखालचा ज्युनिअर कुक) म्हणून लागलो तेव्हाची गोष्ट, सोलापूरहून आलेलो, वय १९. पहिल्या दिवशी कोट दिला तो दोन साइज मोठा, आणि बिल्ला दिला त्यावर नाव 'सुरेश'. म्हटलं सर माझं नाव सुरेश नाही. ते म्हणाले, सुरेश गेला, नवीन बिल्ले पंचवीसची ऑर्डर झाली की येतात, तोवर लाव. बिल्ल्याशिवाय फ्लोअरवर अलाउड नाही. दोन महिने मी सुरेश होतो. शेफ ओरडायचा तेव्हा सुरेशला ओरडायचा. गंमत म्हणजे मलाही ते जरा सोयीचं वाटायचं, शिव्या सुरेशला पडायच्या. तिसऱ्या महिन्यात दुसरीकडे काम मिळालं, बिल्ला टाइम ऑफिसात जमा केला. खिडकीतून बघितलं तर बाहेर बाकावर एक नवीन पोरगा बसलेला, फाइल छातीशी धरून. तो तिसरा सुरेश.

दर्यावर्दी

बंदरात आहोत, नेट फुकट. किचनचा_किडा, गोव्यात आमच्या शॅकवर (किनाऱ्यावरचं झोपडीवजा हॉटेल) सगळ्यांनाच 'राजू' म्हणायचे, गोऱ्यांना सोपं पडतं म्हणून.

खानावळ_१९७१

हे वाचून गप्प बसलो दहा मिनिटं.

घाटमाथा

उशीर झाला, माफ करा, लाँग वीकेंड होता. पावसाळ्यात आमच्याकडे काय असतं ते पुण्या-मुंबईवाल्यांना सांगायला नको, तुम्हीच असता तिथे.

तारखा लावल्या. नीलाक्षीताई, तुमचं बरोबर निघालं. ६१ पैकी ३३ जण चार घोळक्यांत गेलेत, सगळ्यात मोठा घोळका मागच्या गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यातला, ११ जण, आणि त्यातले नऊ रत्नागिरी-सिंधुदुर्गचे. रजेचे अर्ज फायलीत आहेत, प्रत्येकावर माझीच सही, 'ऑपरेशनल कारणास्तव नामंजूर'. मीच केलेत. मला एकही आठवत नव्हता.

मालकांशी बोलले. पगार आणि अकरा महिन्यांवर ते 'बघू' म्हणाले, म्हणजे काय ते तुम्हालाही कळलं असेल. दोन गोष्टी पदरात पडल्या. रोस्टर आता दहा दिवस आधी लागणार, आणि बदलायचं असेल तर त्या माणसाला विचारून. एफ अँड बी मॅनेजर आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हते. दुसरं म्हणजे गणपतीची रजा. पहिले तीन दिवस निम्मे आणि पुढचे तीन दिवस निम्मे अशी चिठ्ठ्या टाकून वाटणी, काल कॅफेटेरियात सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढल्या. गोंधळ झालाच. गौरी आहेत त्यांना पहिला गट नको होता, दीड दिवसवाल्यांना दुसरा नको होता, शेवटी त्यांनी आपापसात अदलाबदल केली आणि माझं चिठ्ठ्यांचं ताट बाजूला ठेवलं. ते मला जास्त बरं वाटलं. सोडून जाणं थांबेल का, माहीत नाही. ऑक्टोबरात आकडा टाकते इथे.

डबा बंद केलाय. चार वाजता रांगेत जेवते. डाळ खरंच वाईट आहे.

चहाटळ

मग तो चिठ्ठीवाला सापडला का?

घाटमाथा

सापडला नाही. आता शोधतही नाही. पण परवा बॉक्स उघडला तर नवीन चिठ्ठी होती. 'भात पण'.

पेणकर_काका

मॅडम, विषयाला सोडून आहे पण विचारतो. माझा भाचा, हॉटेल मॅनेजमेंट झालंय, सहा महिने घरी आहे. तुमच्याकडे फ्रंट ऑफिसला जागा असेल तर बघाल का?

घाटमाथा

काका, जागा तर आमच्याकडे कायमच असते, तेच तर रडगाणं आहे. सीव्ही व्यक्तिगत निरोपातून पाठवायला सांगा. आणि नाव मराठीत आणि इंग्रजीत नीट लिहून पाठवायला सांगा, रुजू व्हायच्या आधी बिल्ला करून ठेवते.